माळरानाचे ज्ञान आणि लोकवनस्पतिविज्ञान

श्रीगोंदे तालुक्यातील माळरान उन्हाळ्यात ओसाड भासते. परंतु तेथील बाभूळ, तरवड, बोर, हिवर, रुई ही झाडेझुडपे ग्रामीण व्यवहाराशी घट्ट निगडित आहेत. बाभळीचे लाकूड औतांना, शेंगा शेळ्यामेंढ्यांना, काटे कुंपणाला. तिची आणि तरवडाची साल कातडी कमावण्यास उपयोगी पडते. हे ज्ञान शेतकरी, सुतार, चर्मकार व मेंढपाळ यांनी पिढ्यान्‌पिढ्या जतन केले. मानव व वनस्पती यांच्यातील अशा संबंधांचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे लोकवनस्पतिविज्ञान होय.

या शास्त्राचे नामकरण अमेरिकेतील वनस्पतिशास्त्रज्ञ हार्शबर्गर यांनी १८९५ मध्ये केले. अभ्यास मात्र त्याहून जुना आहे. गार्सिया द ओर्ता यांचा औषधी द्रव्यांवरील ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. १६७८ ते १६९३ या काळात प्रसिद्ध झालेल्या ‘होर्टस मलबारिकस’च्या बारा खंडांना इट्टी अच्युतन यांच्यासह रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या कोकणी वैद्यांचे साहाय्य लाभले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डॉ. जानकी अम्माळ व डॉ. सुधांशू कुमार जैन यांनी भारतात या विषयाचा पाया घातला. १९८२ मध्ये केंद्र शासनाने त्यासाठी अखिल भारतीय समन्वित प्रकल्प हाती घेतला.

पुढे या ज्ञानाच्या मालकीचा प्रश्न उभा राहिला. जखमेवर हळद लावण्याच्या उपायावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट देण्यात आले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने ते आव्हानित केले व १९९७ मध्ये ते रद्द झाले. जुने लेखी पुरावे उपलब्ध होते, म्हणून हे शक्य झाले. ज्या ज्ञानाची कोठेही नोंद नाही, त्याचे रक्षण कसे करावयाचे?

२००२ च्या जैविक विविधता कायद्याने याचे उत्तर गावाच्या हाती दिले आहे. प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमून लोकजैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. व्यापारी हेतूने वनस्पती गोळा करणाऱ्यांकडून शुल्क आकारण्याचा अधिकारही समितीस आहे.

नोंदवही केवळ कागदोपत्री पूर्ण करून हा हेतू साधणार नाही. वनस्पतीचे स्थानिक नाव, हंगाम, उपयोगी भाग व वापराची रीत वृद्ध जाणकारांकडून, त्यांच्या संमतीने, टिपून घ्यावी. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसह शिवारफेरी काढल्यास झाडाची ओळखही पटेल. लाकडी औते मागे पडली, कातडी कमावण्याचे घरगुती व्यवसायही ओसरले. त्यांच्याबरोबर झाडांची पारख लोपण्यापूर्वी हे कार्य व्हावयास हवे.