चाकाचा स्पेसर: आधी आटे मोजा

चाक मडगार्डच्या बरोबरीला आणून द्या, असे गिऱ्हाईक सांगते आणि मिस्त्री जाड स्पेसर ठोकून देतो. आटे अपुरे धरले, तर धावत्या गाडीचे चाक निखळते. गॅरेजवाल्या बंधूंनी जाडीपूर्वी आटे मोजावेत, असे आम्हांस वाटते. मारुती स्विफ्टचा स्टड 12 मि.मी.चा, आटा सव्वा मि.मी.चा, स्पेसर व चाक चढवल्यावर नट हाताने निदान दहा फेरे फिरलाच पाहिजे. न फिरल्यास पातळ स्पेसर किंवा लांब स्टड घ्यावेत. एकावर एक दोन स्पेसर तर कदापि नकोत!

हबवरचा गंज घासून काढावा. स्पेसरचे मधले भोक हबवर (स्विफ्टला 54.1 मि.मी.) नेमके बसावे, ढिले राहिल्यास स्टिअरिंग थरथरते. नट समोरासमोरचे, टॉर्क पान्याने आवळावेत. शंभर किलोमीटरच्या आत गाडी परत बोलावून पुन्हा तपासावेत. त्याचे पैसे मात्र मागू नयेत.