पांढऱ्या उंदराचे लाल अश्रू

प्रश्न : मुलीच्या हट्टापायी पांढरा उंदीर पाळला आहे. दोन दिवस त्याच्या डोळ्यांतून आणि नाकातून रक्त येतंय. काय करावं?

उत्तर : ते बहुधा रक्त नाही. उंदराच्या डोळ्यामागे हार्डेरियन ग्रंथी असते; तिच्या स्रावात पॉर्फिरिन हे लाल रंगद्रव्य असतं. अतिनील दिव्याखाली ते गुलाबी चमकतं, रक्त चमकत नाही. निरोगी उंदीर ते पंजांनी पुसून टाकतो. साचून दिसू लागलं की समजावं, त्याला ताण आहे किंवा तो आजारी आहे.

आधी पिंजऱ्याचा वास घ्या. डोळ्यांना झोंबला तर लघवीतला अमोनिया वाढलाय. त्याने श्वसनमार्ग चुरचुरतो आणि मायकोप्लाझ्माचा जंतुसंसर्ग बळावतो. पिंजऱ्यात देवदार-पाइनचा भुसा असेल तर तो काढून कागदाचे कपटे घाला. श्वासाला घरघर असेल तर आपोआप बरं वाटण्याची वाट पाहू नका, लहान प्राणी तपासणाऱ्या पशुवैद्याकडे न्या. घरातली अँटिबायोटिक्स मात्र अजिबात नकोत.

आणि तो एकटाच आहे का? उंदीर कळपात राहणारा प्राणी, एकटेपणाही ताणच. बरा झाल्यावर त्याच लिंगाचा जोडीदार आणा, नाहीतर तीन आठवड्यांत पिल्लंच मोजत बसाल.