हे छप्पर कुठल्या गावचं?

उत्तर मिनेसोटातल्या डुलुथमध्ये गॅरेज का लागतं, हे इथे राहणाऱ्याला सांगायला नको आणि न राहणाऱ्याला पटायचं नाही. कंत्राटदारांचे आकडे ऐकून घाम फुटला, म्हणून आम्ही नवरा-बायकोने ते स्वतःच बांधायचं ठरवलं. पाया, भिंती, दार याबद्दल मी काही बोलत नाही, ते जमतं. छपराचं मात्र सविस्तर सांगते, कारण तिथे आमचे पैसे गेले, आणि ज्यांच्यामुळे गेले ते आजही तोच माल खुशाल विकताहेत.

आधी हिशेब. आम्ही बांधलं तेव्हा मिनेसोटाच्या बांधकाम-नियमांत राज्याचे दोन भाग होते. उत्तरेकडच्या काउंट्यांत जमिनीवरचा बर्फ चौरस फुटाला 60 पौंड धरायचा, बाकीच्या राज्यात 50. छपरासाठी त्याचे सात दशांश घेतात. म्हणजे आमच्याकडे 42 आणि मिनियापोलिसकडे 35. सात पौंडांचा फरक ऐकायला किरकोळ वाटतो. आमच्या 20 बाय 22 फुटांच्या गॅरेजवर तो तीन हजार पौंडांच्या वर जातो, म्हणजे एक छोटी मोटार छपरावर चढवून हिवाळाभर तिथेच ठेवून द्यायची.

माझं माहेर चिपळूणचं. पावसाचं छप्पर मला कळतं: उतार नीट दिला, पन्हळ साफ ठेवली की पाणी आपल्या वाटेने जातं. बर्फ जात नाही. डिसेंबरात पडलेला मार्चपर्यंत मुक्काम ठोकतो, त्यावर नवा पडतो, मध्येच एखादी पावसाची सर येते आणि सगळा थर पाणी पिऊन बसतो. म्हणून बातम्यांत सांगतात त्या इंचांवर जाऊ नका. भुसभुशीत बर्फाचा फूटभर थर चौरस फुटाला पाच-सहा पौंड भरतो, तोच ओला असला तर वीसच्या पुढे जातो.

आम्ही लंबरयार्डातून गॅरेजचं किट घेतलं, तयार ट्रससकट, म्हणजे छपराच्या त्रिकोणी लाकडी सांगाड्यांसकट. काउंटरवरचा माणूस गोड बोलणारा. प्रश्न मी विचारायची, उत्तर तो नवऱ्याकडे बघून द्यायचा. "आमच्या भागाचं बर्फाचं वजन धरलंय ना?" हे मी सरळ विचारलं होतं. त्यावर तो नवऱ्याला म्हणाला, "इथे सगळे हेच नेतात." ऑर्डरच्या कागदावर गाव, पिनकोड, सगळं माझ्या हाताने लिहिलेलं आहे. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

ट्रस उभे राहिले. एका बाजूचं प्लायवुड ठोकून झालं आणि शहराचा इन्स्पेक्टर आला. शिडीवर चढला, खिळे बघितले, उतरला आणि ट्रसचा कागद मागितला. ट्रसच्या गठ्ठ्याला प्लास्टिकच्या पिशवीत बांधून एक कागद येतो. आमचा पावसाने थोडा भिजला होता, पण वाचता येत होता. त्याच्या एका कोपऱ्यात चार आकड्यांची छोटी चौकट असते. इन्स्पेक्टरने तिच्यावरून बोट फिरवलं, पहिल्या आकड्यावर थांबला, खिशातून पेन्सिल काढून त्याला गोल केला आणि कागद माझ्या हातात दिला. 35.

"ट्रस उत्तम आहेत," तो म्हणाला, "मिनियापोलिसमध्ये."

इन्स्पेक्टरवर माझा राग नाही. राग आहे तो त्यानंतर लंबरयार्डाला केलेल्या फोनवर. "मॅम, इथे कुणाचं छप्पर पडलेलं ऐकलंय का?" हे पहिलं वाक्य. मग, तुम्ही आकडा सांगितला नव्हता. मी म्हटलं, गाव लिहिलं होतं, विचारलंही होतं. मग म्हणे, ऑर्डरच्या पाठीमागे छापलंय की स्थानिक नियम तपासायची जबाबदारी गिऱ्हाइकाची. पाठीमागचा तो मजकूर वाचायला भिंग लागतं. शेवटी त्याने काय करावं? "तुमचे मिस्टर आहेत का, त्यांच्याशी बोलतो." मी फोन नवऱ्याकडे दिला नाही.

शेवटी ट्रस बनवणाऱ्या कारखान्याच्या इंजिनिअरने सही-शिक्क्याचं पत्र दिलं: प्रत्येक दोन ट्रसच्या मध्ये आणखी एक घाला. म्हणजे ठोकलेलं प्लायवुड उपटा. नेलगनने ठोकलेले खिळे निघत नाहीत, प्लायवुडच फाटतं. जादा ट्रस त्यांनी उपकार केल्यासारखे अर्ध्या किमतीत दिले, आणि इंजिनिअरची फी आमच्या माथी.

तेव्हा बांधणाऱ्यांनी एक कराच. ऑर्डरवर सही करण्याआधी ट्रसचं रेखाटन मागवा आणि त्या चौकटीतला वरच्या पट्टीचा बर्फाचा आकडा शहराच्या बांधकाम खात्याकडून आलेल्या आकड्याशी ताडून बघा. ट्रस कापायला घेतल्यावर कुणी परत घेत नाही. आणि परमिट चुकवू नका. इन्स्पेक्टर आला नसता तर आम्ही त्या छपराखाली निर्धास्तपणे गाडी उभी केली असती.

तयार ट्रसऐवजी वासे घालून छप्पर करणार असाल तर आणखी सावध. वरची आढ्याची फळी वजन पेलत नाही, तिला वासे फक्त टेकतात. बर्फाचं वजन वाशांच्या पायथ्याशी भिंतींना बाहेर ढकलतं. 20 फूट रुंदीला, दोन फुटांवर वासे आणि बारा इंचांना चार इंच असा उतार धरला तर आमच्या भागाच्या बर्फाच्या वजनाने वाशांच्या दर जोडीला हा रेटा पावणेसहाशे किलोच्या आसपास येतो. उतार दुप्पट केला की रेटा निम्मा. तो धरायला आडव्या तुळया खाली, भिंतींच्या माथ्याशी हव्यात, फार तर उंचीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. आढ्याजवळ मारतात त्या पट्ट्या वाऱ्याने छप्पर उचलू नये म्हणून असतात, भिंती धरायला नव्हे. "उंची मिळेल, तुळया वर सरकव" असं सांगणारे शेजारी प्रत्येक गल्लीत असतात. आमच्याही आहेत. तसंच, दाराची मोटर बसवायला किंवा होडी टांगायला ट्रसची एकही पट्टी कापू नका.

गाडीचं दार उताराच्या बाजूला घेऊ नका, नाहीतर छपरावरचा बर्फ रोज दारात. घराच्या उंच छपराला चिकटून ठेंगणं गॅरेज बांधलं तर वरचा बर्फ घसरून आणि वाऱ्याने उडून त्यावर साचतो, आणि मग 42 चा आकडासुद्धा पुरत नाही. बर्फ ओढायचा तर जमिनीवरून लांब दांड्याच्या फावड्याने, दोन्ही बाजूंनी थोडा थोडा. एकच बाजू मोकळी केली की भार एकतर्फी होतो. बाकी शिडीवर एकट्याने चढू नये, हातमोजे घालावेत, वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे.

पुढचाच हिवाळा 2022-23 चा. डिसेंबरच्या मध्यात ओल्या, जड बर्फाने झाडं मोडली, वीज गेली. मोसमाअखेर डुलुथची बेरीज 140.1 इंच झाली आणि 1995-96 चा 135.4 चा विक्रम मोडला. आमचं छप्पर जागचं हललं नाही. इंजिनिअरची फी परत मिळावी म्हणून मी ही आकडेवारी लंबरयार्डाला पाठवली, उत्तर आलं नाही.

उत्तर मिनेसोटात कुणी मराठी माणूस गॅरेज बांधत असेल तर आमची रेखाटनं बघायला खुशाल यावं. तशीच्या तशी वापरू नका, ती आमच्या मापाची आहेत. दुकानाचं नाव इथे लिहीत नाही, चहाला आलात की सांगेन.