जर्मनीला निघालीस? आधी कागद बघ

अगं, तिकीट निघालं, जाड स्वेटर आला, मेतकुटाचा डबाही भरलास म्हणे. आता एक सेमिस्टर जर्मनीला चाललीच आहेस, तर क्रेडिटचंही बघून घे. परीक्षा विभागाच्या खिडकीमागे बसून मी पुष्कळ रडवेले चेहरे पाहिलेत, म्हणून हक्कानं सांगते.

१. लर्निंग अ‍ॅग्रीमेंटवर, म्हणजे तिकडे कोणते विषय घेणार त्याच्या करारावर, तिन्ही सह्या निघण्याआधी घे, तुझी, आपल्या कॉलेजची आणि तिकडच्या विद्यापीठाची – तू परत येईस्तोवर विभागप्रमुख बदलतात, आणि नव्यांना जुन्यांचं 'होईल हो सगळं' ऐकू येत नाही. सही आधी, सुटकेस मग.

२. दोन विषय जास्तीचे मंजूर करून घे – तिथे पोहोचल्यावर कळतं की दोन तास एकाच वेळी आहेत, किंवा एक विषय फक्त जर्मनमधून शिकवतात. बदल केलास तर त्याच आठवड्यात कॉलेजला कळव. तोंडी होकार वाऱ्यावर, ईमेलचा कागदावर.

३. क्रेडिटचा हिशेब कसा धरणार, ते लिहून माग – हिशेब दोन आहेत आणि दोन्ही बरोबर आहेत, म्हणूनच भांडण होतं. युरोपात वर्षाला ६० ईसीटीएस, म्हणजे तिकडची क्रेडिट, आपल्याकडे नव्या राष्ट्रीय आराखड्यात वर्षाला ४० क्रेडिट. त्या प्रमाणात ६ ईसीटीएसच्या विषयाचे ४ होतात. पण तास मोजलेस, तर एक ईसीटीएस २५ ते ३० तासांच्या अभ्यासाचं आणि आपलं क्रेडिट ३० तासांचं, म्हणजे त्याच विषयाचे ५ ते ६! कॉलेज बहुधा पहिलाच हिशेब धरेल. मग तिथे १५ ईसीटीएस घेऊन मजेत राहिलीस, तर इथे दहाच दिसतील.

४. ग्रेडचा तक्ताही आधीच बघ – जर्मनीत १.० सर्वांत उत्तम, ४.० काठावर पास आणि ५.० नापास. आपल्याकडे दहा म्हणजे शिखर. घाईत कुणी १.७ तसाच दहाच्या रकान्यात भरला, तर हुशार पोरगी नापास!

५. आपले गुण तिकडच्या मापात बसवायला जर्मन विद्यापीठं बव्हेरियन सूत्र वापरतात: सर्वोच्च गुणांतून तुझे वजा कर, त्याला सर्वोच्च आणि किमान पास यांच्यातल्या फरकानं भाग, तीननं गुण आणि एक मिळव. दहात आठ असतील आणि चारला पास, तर येतात २.० – आकडा बघून तोंड पाडू नकोस, तिकडे तो 'चांगला'च असतो. फ्रान्समध्ये तर वीसपैकी चौदालाही चांगला शेरा मिळतो. आपल्या आजीला मात्र त्यात सत्तरच टक्के दिसतात.

६. काही कॉलेजं परदेशातले फक्त क्रेडिट धरतात, ग्रेड सीजीपीएत घेत नाहीत – हे आधी कळलं तर अवघड विषय धीरानं घेता येतो.

७. वर्गात नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव लागलं असं समजू नकोस – बऱ्याच जर्मन विद्यापीठांत परीक्षेची नोंदणी वेगळी असते, आणि मुदत गेली की गेली.

८. उन्हाळी सेमिस्टर निवडलंस तर तारखा ताडून बघ – तिकडचे वर्ग जुलैपर्यंत चालतात, परीक्षा त्यानंतरही असतात, आणि आपल्याकडे तोवर नवं सत्र सुरू झालेलं असतं. उशिरा हजर राहण्याची परवानगी आधीच घे, म्हणजे हजेरीची बोंब नको.

९. शेवटच्या सेमिस्टरला जाऊ नकोस – तिकडची गुणपत्रिका यायला वेळ लागतो, आणि तिच्यावाचून इथली पदवी अडते.

१०. एबीसी (अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) खात्यावर विसंबू नकोस – परदेशी क्रेडिट तिथे आपोआप जमा होत नाहीत. नोंद आपल्या कॉलेजकडूनच करवून घे, आणि झाली की नाही ते स्वतः उघडून बघ.

११. प्रत्येक विषयाचं मॉड्यूल हँडबुकातलं (अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेतलं) पान तिथून निघण्याआधी उतरवून ठेव – पुढे मास्टर्सचा अर्ज करताना 'यात नेमकं काय शिकलात' असं विचारतात, आणि तोवर तुझं तिकडचं लॉगिन बंद पडलेलं असतं. गुणपत्रिकेबरोबर तिथल्या ग्रेडपद्धतीचं स्पष्टीकरणही मागून घे. आणि हे सगळं तुझ्या आईलाही ईमेल कर; ती काही डिलीट करत नाही, सुप्रभातचे फोटोसुद्धा नाही.