शॉकअप कडक म्हणजे चांगला?

गाडीचा कोपरा हाताने दाबायचा आणि "शॉकअप कडक आहे, म्हणजे भारी!" असा निकाल द्यायचा, ही आपली हॉस्टेलची पद्धत. पण गाडीचे वजन पेलते ती स्प्रिंग. शॉकअपचे काम तिचे हेलकावे थोपवणे. आतले तेल बारीक छिद्रांतून जाते आणि हेलकाव्याच्या ऊर्जेची उष्णता होते.

निवडताना आधी हिशोब करा. समजा, एका चाकाच्या स्प्रिंगवर ३०० किलो वस्तुमान आहे आणि चाकापाशी स्प्रिंगचा ताठपणा ३०,००० न्यूटन प्रति मीटर आहे. दोघांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ३,०००. त्याची दुप्पट, ६,००० न्यूटन-सेकंद प्रति मीटर, म्हणजे क्रिटिकल डॅम्पिंग. आरामाच्या गाडीला याचा साधारण पाव हिस्सा पुरतो; ट्रॅकवरच्या गाडीला साधारण ६५ टक्के, म्हणजे ३,९००. चाक १० मिमी हलताना शॉकअप ७ मिमीच दबत असेल, तर ०.७ च्या वर्गाने भागा. शॉकअपला जवळपास दुप्पट डॅम्पिंग लागेल!

मग विक्रेत्याकडे डायनोचा आलेख मागा. दांडा हळू सरकतानाचे बल वळणावरचे कलणे आणि ब्रेक मारल्यावरचे पुढे झुकणे आवरते. तो वेगाने सरकतानाचे बल खड्ड्यात उपयोगी पडते. ते फार जास्त असेल तर चाक रस्त्याचा चढउतार धरत नाही, उडते. टायर जमिनीवरच नसेल तर ग्रिप कुठून येणार? आणि ब्रेक तरी कसा लागणार? तेल तापल्यावर आलेख किती घसरतो, तेही पाहा.

तेव्हा यंदा गाडी बांधताना स्टिकरच्या आधी आलेख बघा!