तलाठी सजावर रुजू होणाऱ्या पुतणीला

पोरी, आता सजाचं दप्तर तुझ्या हाती येईल. सगळं लॅपटॉपवर असलं, तरी एकेका नोंदीवर एकेक घर अवलंबून असतं.

१५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने शेतात उभं राहून मोबाइलवर पिकाचा फोटो काढायचा आणि पेरा नोंदवायचा. सोय चांगलीच आहे. पण आंदर मावळात, नाणे मावळात भाताची लावणी कोसळत्या पावसात होते. कुठे रेंज नाही, कुठे म्हाताऱ्याकडे साधाच फोन. बाराचा नमुना कोरा दिसला म्हणून रान पडीक समजू नकोस. स्वतः बांधावर जा, शेजारच्या खातेदाराला विचार. त्या कोऱ्या रकान्यापायी पीककर्ज अडतं, अतिवृष्टीची भरपाई अडते.

एआय उपग्रहाच्या चित्रावरून पीक ओळखेल, संशयास्पद नावांची यादीही देईल. ती यादी घेऊन चौकशीला जा. तेवढ्यावर भरपाईच्या यादीतून कुणाचं नाव कापू नकोस. आधी नोटीस, मग त्याचं म्हणणं, जागेवर पंचनामा, आणि कारणासह आदेश. ‘सिस्टीम घेत नाही’ हे कारण होत नाही. सही तुझी असते, जबाबही तुलाच द्यावा लागतो. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याने नकाराचं लेखी कारण आणि अपील हे दोन्ही लोकांना दिलंय. हे बहुतेकांना ठाऊक नसतं, तू आपणहून सांग.

आपल्याकडे, विशेषतः लोणावळ्याच्या बाजूला, जमिनीला सोन्याचा भाव आहे. दलाल गोड बोलून खातेदारांचे मोबाइल नंबर मागतील. सातबारा कुणीही पाहावा; फोन आणि आधार नंबर मात्र दाखवायचे नाहीत. पीक पाहणीसाठी घेतलेला नंबर त्याच कामापुरता. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, तो आपल्या खातेदारालाही आहे. गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आधारसकट यादी टाकणं म्हणजे त्याच हक्कावर घाला.

लोकांचे अर्ज चॅटजीपीटीत टाकू नकोस. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने जानेवारी २०२५मध्ये आपल्या कर्मचाऱ्यांना कार्यालयीन संगणकांवर असली साधनं वापरायला मनाई केली, ती गोपनीय माहितीच्या काळजीनेच. शिवाय ही साधनं नसलेल्या शासन निर्णयाचा क्रमांकही ठामपणे देतात. मूळ निर्णय डोळ्यांनी वाचल्याशिवाय आदेशात घेऊ नकोस.

आणि डिजिटल सहीचं टोकन रोज घरी घेऊन ये. कितीही घाई असो, ते आणि त्याचा पासवर्ड ऑपरेटरच्या हाती देऊ नकोस.