खनिज, व्यापार आणि नियम : गोव्याचा धडा



खुल्या व्यापाराने देशाच्या पर्यावरणाची हानी होते, असे काही जण म्हणतात. व्यापाराने पैसा येतो आणि त्यातून पर्यावरण राखता येते, असे इतरांचे म्हणणे. यात खरे काय, हे पाहण्यासाठी आपल्याला दूर जायला नको. आपल्या गोव्यातील खाणी पाहू या.

गोव्याचे लोहखनिज पोर्तुगीज अमदानीपासून जपानला जात असे. २००० नंतर चीनच्या पोलाद कारखान्यांची मागणी वाढली आणि पूर्वी टाकाऊ समजल्या जाणाऱ्या हलक्या खनिजालाही भाव आला. २०१०-११ साली निर्यात चार कोटी टनांच्या पुढे गेली.

एक टन खनिजासाठी साधारण अडीच ते तीन टन माती-दगड बाजूला काढावे लागतात. डिचोली, सत्तरी, सांगे तालुक्यांत या मातीचे ढिगारे उभे राहिले. पावसाळ्यात ती माती शेतांत व ओहोळांत उतरली. खाणी भूजलाच्या खाली गेल्याने पाणी उपसावे लागले आणि जवळच्या विहिरींचे पाणी खाली गेले.

मग कायदे नव्हते का? होते, पण पाळले जात नव्हते. न्या. शहा आयोगाच्या अहवालानंतर सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. कामगार, ट्रकमालक, बार्जमालक यांची मिळकत थांबली. कर्जाचे हप्ते थांबले नाहीत.

२०१४ साली न्यायालयाने वर्षाला दोन कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या दहा टक्के रक्कम पुढील पिढ्यांसाठी कायम निधीत ठेवण्यास सांगितले. २०१८ साली ८८ लीजांचे नूतनीकरण रद्द होऊन खाणी पुन्हा बंद पडल्या. डिसेंबर २०२२ मध्ये लिलाव सुरू झाले.

यावरून आपण काय शिकावे? व्यापाराने खोदकामाचा वेग वाढवला. तो वेग आवरणे हे नियमांचे काम होते. वेळेवर पाळलेली मर्यादा शेतकऱ्याची विहीरही वाचवते आणि कामगाराची चूलही. उशिरा आलेल्या बंदीची किंमत दोघांनाही मोजावी लागते.

स्वाध्याय
१. हलक्या खनिजाला भाव आल्याने काय बदलले?
२. कायम निधी कशासाठी? घरी पालकांशी चर्चा करून पाच ओळी लिहा.